चिबडाचे तेरा गुंठे

आमच्या कॉलनीच्या मधोमध तेरा गुंठे मोकळी जागा आहे. तिच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक फलक होता : ‘नियोजित उद्यान. अतिक्रमण करू नये.’ २०११ साली आम्ही नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याला राहायला आलो तेव्हाही तो गंजलेलाच होता. माझी मुलगी त्या फलकावरची अक्षरं लावत वाचायला शिकली. ‘नियोजित’ म्हणजे काय, असं तिने विचारलं तेव्हा ‘होणार आहे ते’ असं मी सांगून टाकलं होतं. ती आता इंजिनिअरिंगला आहे.

जागा ओस नव्हती. गणपतीचा मांडव तिथेच पडायचा, कुणाच्या घराचं काम निघालं की मलबा तिथेच यायचा, दोन टेम्पो कायमचे उभे. उरलेल्या भागात एक जुना कडुनिंब, दोन बाभळी आणि गवत. खालच्या कोपऱ्यात पावसाळाभर पाणी साचायचं. दिवाळीच्या सुमारास ते आटलं की कमरेएवढ्या गवतात मुनियांचे थवे उतरायचे. वरच्या मुरमाड पट्ट्यात उन्हाळ्यात टिटवी अंडी घालायची. आमच्या गल्लीतले आबा, एसटीतून निवृत्त झालेले, त्या अंड्यांभोवती चार विटा मांडून ठेवत आणि टेम्पोवाल्यांना दम भरत. टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, हा त्यांचा हिशेब. हवामान खात्यापेक्षा त्यांचा टिटवीवर विश्वास जास्त.

२०२३ च्या गणपतीत सभामंडपाची टूम निघाली. आमदार निधीतून सभामंडप बांधून घेऊ, बारसं-वाढदिवस सगळं तिथेच होईल. मागणी खोटी नव्हती. आमच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहणारी कुटुंबं आहेत, त्यांना लग्नाच्या हॉलचं भाडं परवडत नाही. पण ओपन स्पेसवर, म्हणजे ले-आउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर, वाटेल तेवढं बांधता येत नाही. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत अशा जागेवर फार तर १५ टक्के बांधकामाला वाव आहे. हे मी आरतीनंतर बोलून गेले आणि वर ‘मी कागद बघते’ असंही म्हटलं. त्या एका वाक्याने पुढची दोन वर्षं माझी झाली. मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे, दिवसभर कोटेशनं आणि चलनं बघते. सगळ्यांना वाटलं, हिला जमेल. मलाही वाटलं.

फलकावरच्या त्या उद्यानासाठी पैसा कुठून आणायचा, हा पहिला शोध. घरपट्टीच्या बिलात वृक्ष कर म्हणून वेगळी ओळ असते, तोच मागावा असं माझ्या डोक्यात होतं. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याने शहरात वृक्ष प्राधिकरण आलं, तोडीच्या परवानग्या आणि लागवड त्यांच्याकडे. पण तो पैसा अख्ख्या शहराच्या झाडांचा, एका कॉलनीच्या बागेला त्यातून कोण देणार? मग कुणी अमृत योजनेचं नाव घेतलं. २०१५ मध्ये ती आली तेव्हा पाणीपुरवठा-मलनिस्सारणाबरोबर उद्यानांसाठीही त्यात वाटा होता, पण तो शहराच्या आराखड्यातून येणारा. आपण अर्ज करून मिळणारा नव्हे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही नाशिक आहे. तिथे धूळ कमी करायची असते, त्यामुळे पैसा रस्त्याकडे आणि दुभाजकांकडे जातो. आणि नगरसेवकाकडे जावं तर मार्च २०२२ पासून महापालिकेत प्रशासक होते. नगरसेवक म्हणून ज्यांना आम्ही ओळखत होतो ते सगळे माजी. चहा पाजत, पण सही कशावर करणार?

राहिला आमदार निधी. एका आमदाराला वर्षाला ५ कोटी. आपण म्हणतो आमदार पैसे देतात. आमदार देतात ते पत्र. शिफारशीचं पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जिल्हा नियोजनकडे जातं, तिथून ज्या यंत्रणेने काम करायचं तिच्याकडे. ती यंत्रणा अंदाजपत्रक करते, त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. पत्र आम्हाला दिवाळीनंतर पंधरा दिवसांत मिळालं, २० लाखांचं. कॉलनीत पेढे वाटले गेले. आबांनी पेढा घेतला नाही. म्हणाले, ‘गाडी फलाटावर लागलीय, सुटली नाही अजून.’

आणि खरंच सुटेना, कारण जागा कोणाची हेच कागदावर नक्की नव्हतं.

ऑनलाइन डिजिटल सातबारा १५ रुपयांत निघतो. निघाला, त्यावर मूळ शेतकऱ्याचं नाव. ले-आउट मंजूर होताना ओपन स्पेस सार्वजनिक वापरासाठी सुटते, पण तिची नोंद महापालिकेच्या नावाने व्हायला कुणीतरी फेरफाराच्या मागे लागावं लागतं. पस्तीस वर्षांत कुणी लागलं नव्हतं. नोंद नसेल तर सरकारी पैसा खासगी जागेवर खर्च झाला, असा लेखापरीक्षणात आक्षेप येतो. ज्या बाईंनी हे मला समजावून सांगितलं त्यांचं बरोबरच होतं. आमच्या कारखान्यात माल दुसऱ्याच्या गोदामात उतरला असता तर मीही बिल अडवलं असतं.

त्यासाठी मंजूर ले-आउटची शिक्क्याची प्रत हवी. एका कार्यालयात मी त्या प्रतीसाठी सहा फेऱ्या मारल्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा टाकून. फाइल सापडत नाही, हे उत्तर दर वेळी नव्या माणसाने दिलं. सहाव्या फेरीनंतर आबांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणला आणि म्हणाले, ‘पोरी, तोंडी विचारलं की फाइल हरवते. हा चिकटवून विचार.’ माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवसांची मुदत. फाइल २६ व्या दिवशी सापडली. शेजारच्याच गठ्ठ्यात होती म्हणे.

मूळ शेतकरी हयात नाहीत, त्यांचे थोरले चिरंजीव, अण्णा, गिरणाऱ्याकडे राहतात. त्यांचं संमतीपत्र असलं तर नोंद लवकर होईल, असा सल्ला मिळाला म्हणून फेब्रुवारीत एका रविवारी आबा आणि मी गेलो. अण्णा ऐंशीच्या घरातले. आम्ही पैसे मागायला किंवा भांडायला आलो नाही हे पटायला त्यांना एक चहा लागला. मग आमच्या ले-आउटचा नकाशा मांडीवर घेतला, बोट फिरवत त्या तेरा गुंठ्यांवर आले आणि हसले.

‘ताई, हे तर चिबड होतं. आमच्या बापाने तिथं कधी काही पेरलं नाही. पाणी हटायचं नाही. बैलांना गवत कापायचो फक्त.’

येताना गाडीत मी तोच विचार करत होते. सव्वातीन एकरांचं ले-आउट, त्याचे दहा टक्के मोकळे सोडायचे, तर ले-आउट पाडणारा कोणते सोडेल? ज्यावर बंगला उभा राहणार नाही तेच. त्यानंतर शहरात जिथे जाईन तिथे मी ओपन स्पेस बघायला लागले. नाल्याला लागून, विजेच्या मोठ्या तारांखाली, नाहीतर चिंचोळा त्रिकोण. आपल्या बागा शेतकऱ्याने टाकलेल्या जमिनीवर आहेत. आमच्या बाबतीत मात्र त्याचा अर्थ वेगळाही होता. आजूबाजूच्या सगळ्या प्लॉटांचं पाणी पूर्वीपासून त्या कोपऱ्यात येऊन मुरत होतं. तिथे भराव टाकला तर ते पाणी घरांत शिरणार. अण्णांनी संमतीपत्रावर सही केली आणि निघताना द्राक्षांची पाटी दिली. ती आबांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोजमापाला इंजिनिअर आले. तरुण मुलगा, टेपचं दुसरं टोक माझ्या मुलीने धरलं. कुंपण चेन-लिंकचं, आत चालायला पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, बाकडी, मुलांची खेळणी, ग्रीन जिम, लॉन, नामफलक. तो भराभर लिहीत होता, कारण हे सगळं सरकारी कामांच्या दरसूचीत असतं. खालच्या भागापाशी येऊन थांबला.

‘मॅडम, इथे काय धरू?’

‘काही नको. आहे तसं राहू द्या.’

‘तसं नाही धरता येत.’

मला वाटलं तो अडवणूक करतोय. तसं नव्हतं. त्याने पेन खिशाला लावलं आणि नीट सांगितलं. ठेकेदाराचं बिल मोजमाप पुस्तिकेवरून निघतं. लांबी, रुंदी, खोली, नग. जे मोजता येतं त्याचा आयटम, आयटमला दर, दराने पैसे. ‘काही करू नये’ याला आयटम नाही. नकाशात अर्धी जागा कोरी दिसली तर वर विचारणार, काम अपुरं का दाखवलं? त्याच्या मते सोपा उपाय मुरमाचा भराव आणि त्यावर लॉन. घनमीटर मोजता येतात.

खरं तर जमीन आहे तशी राखणं सरकारला माहीत नाही असं नाही. आपल्याच जिल्ह्यात बोरगड २००८ पासून संवर्धन राखीव आहे, वन्यजीव कायद्यात त्यासाठी वेगळी तरतूद आहे. नांदूर मध्यमेश्वर २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. तिथेही मूळ गोष्ट पाणी साचण्याचीच, धरणाच्या गाळावर तयार झालेली पाणथळ. पण तेरा गुंठ्यांतल्या साडेसहा गुंठ्यांच्या डबक्याला राखीव म्हणणारा कायदा कुठून आणणार? आमच्या हातात होता फक्त २० लाखांचा आमदार निधी. मी त्या मुलाला अण्णांची चिबडाची गोष्ट सांगितली. घरांत पाणी शिरेल म्हटल्यावर तो पुन्हा खाली उतरला, उतार बघितला, फोनवर काहीतरी हिशेब केला.

दोन दिवसांनी त्याने फोन केला. ‘मॅडम, मऊ मातीतलं खोदकाम धरतो, कडेला दगडी पिचिंग. नकाशात पर्जन्यजल पुनर्भरण क्षेत्र लिहू. चालेल?’

म्हणजे त्या जागेला हात लावू नये म्हणून तिला थोडं खोदावं लागलं. १८ घनमीटर. मी हो म्हटलं. त्या मुलाची कुठेतरी बदली झाली आहे, जिथे असेल तिथे सुखात राहो.

बाकीच्या यादीवरही आमची घासाघीस झाली. ट्रॅकची रुंदी निम्मी केली. लॉन कमी केलं, कारण त्याला रोज पाणी कोण घालणार? सभामंडपवाल्यांसाठी कडुनिंबाभोवती मोठा पार धरला, बुंध्यापासून मीटरभर माती मोकळी सोडून. ग्रीन जिम काढा, असा माझा हट्ट होता. ती लोखंडी खेळणी सहा महिन्यांत मोडतात, पैसा वाया. माझं कुणी ऐकलं नाही आणि ते बरं झालं. आज पहाटे साडेपाचला तिथे बायकांची रांग लागते. मागच्या गल्लीतल्या त्याच बायका, ज्यांना हॉल परवडत नव्हता. पत्रातले २० लाख म्हणजे कामाचे २० लाख नव्हेत हेही तेव्हाच कळलं. १८ टक्के जीएसटी धरला की तीन लाखांवर रक्कम तिथेच संपते.

अंदाजपत्रक वर गेलं आणि १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. नाशिकचं मतदान २० मे रोजी झालं, निकाल ४ जूनला. मी ५ जूनला सकाळी फोन केला तर कळलं, नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आहे, २६ जूनला मतदान, आचारसंहिता चालूच. आमच्या कॉलनीत तीन शिक्षक आहेत, त्यांच्याकडे सगळ्यांनी जरा वाकड्या नजरेने बघितलं. जुलैत कागद हलला. प्रशासकीय मान्यता ऑगस्टमध्ये, निविदा सप्टेंबरमध्ये. तोवर विधानसभेची चर्चा सुरू. आचारसंहितेआधी जे काम प्रत्यक्ष सुरू झालेलं असतं ते चालू राहतं, नाहीतर थांबतं. कार्यारंभ आदेश दसऱ्याच्या आधी दोन दिवस निघाला. दसरा १२ ऑक्टोबरला. त्या दिवशी कुदळ मारली, आपट्याची पानं वाटली, १४ तारखेला पेव्हर ब्लॉकचा पहिला ट्रक उतरला. १५ ला दुपारी आचारसंहिता जाहीर झाली. आबांनी त्या रात्री पेढे आणले.

काम चार महिने चाललं. रोज संध्याकाळी मी अंबडहून सुटले की आधी तिथे जायचे, मग घरी. एकदाच मोठं वाजलं, ते झाडांवरून. यादीत मी नावं घालायला लावली होती : बहावा, करंज, उंबर, कांचन, ताम्हण, वावळ, पळस. सातपूरकडे फाशीच्या डोंगरावर २०१५ मध्ये लोकांनी जी देवराई लावली ती आम्ही सगळे बघून आलो होतो, त्या धर्तीवर ही यादी. ठेकेदाराच्या टेम्पोतून उतरले बॉटल पाम. दिसायला उंच, फोटोत भरदार.

‘ताई, आठ फुटी झाडं आणलीत. तुमचा करंज दोन फुटाचा येईल, लोक म्हणतील काय लावलं.’

‘लोक म्हणजे आम्हीच. परत न्या.’

यादीतलं नाव आणि आलेला माल जुळत नसेल तर माल परत, एवढं मला नोकरीने शिकवलंय. टेम्पो परत गेला. शेवटी साठ रोपं आली, त्यातली चाळीसेक रोपवाटिकेतून आम्हीच जाऊन निवडली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये काम संपलं, मोजमाप पुस्तिकेत साठ झाडं साठ नग म्हणून चढली. आणि मग मार्च उजाडला. आमदार निधीतून देखभालीला पैसा मिळत नाही, ती हमी आधीच लिहून घेतलेली असते. अंदाजपत्रकात बोअर नव्हता. म्हणजे झाड आहे, पाणी नाही. लावलेलं झाड नग असतं. जगलेलं झाड कुठल्याच पुस्तिकेत येत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. मी आठ महिने दरसूची चाळली, बाकड्याचा पाय किती मिलिमीटरचा हे मला पाठ होतं, आणि नळ विसरले.

८४ घरांकडून महिन्याला शंभर रुपये ठरवले. पहिल्या महिन्यात ६१ घरांनी दिले, दुसऱ्यात ४४. टँकर परवडेना. मग आबांनी गल्लीवार वार वाटून दिले, आरओचं टाकाऊ पाणी बादल्यांत साठवायचं आणि संध्याकाळी घालायचं. एप्रिलमध्ये अकरा रोपं गेली. बाकीची मे महिन्यातल्या अवकाळीने वाचवली. त्या मे महिन्यात पाऊस असा कोसळला की माझ्या माहेरी निफाडला काढलेला कांदा चाळीत जायच्या आधी भिजला. भाऊ फोनवर रडकुंडीला आलेला आणि मी खिडकीतून बघतेय की पळसाला नवी पानं फुटलीत. त्याला ते काही मी सांगितलं नाही.

त्याच पावसात ट्रॅकचा खालचा भाग खचला. खड्ड्याच्या अगदी कडेला पेव्हर घेतले होते, अण्णांचं चिबड तिथवर होतं हे नकाशात नव्हतं. दोषदायित्वाच्या मुदतीत ठेकेदाराला फुकट दुरुस्ती करावी लागते, अनामत रक्कम अडकलेली असते. तो आला, कुरकुरला, करून गेला. जाताना मला म्हणाला, ‘ताई, तुम्ही आमच्या लाइनमध्ये या.’ कौतुक होतं की टोमणा, अजून ठरवता आलेलं नाही.

खड्ड्यात जूनपासून पाणी होतं. घरांत शिरलं नाही. दिवाळीनंतर ते आटलं, गवत आलं आणि मुनियाही आल्या. टिटवी आली नाही. तिचा मुरमाड पट्टा आता ग्रीन जिमखाली आहे. अंदाजपत्रकाच्या वेळी माझं सगळं लक्ष खालच्या कोपऱ्यावर होतं, वरचा पट्टा मीच सहज देऊन टाकला. नोव्हेंबरमध्ये कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात आंदोलन पेटलं तेव्हा आमच्या पारावरही जोरात चर्चा झाली. साधुग्राम हवं की झाडं हवीत, दोन्ही बाजूंनी लोक तावातावाने बोलत होते. आबा मात्र गप्प होते. शेवटी एवढंच म्हणाले की मी त्या टिटवीचा पत्ता शोधतोय.

प्रवेशद्वाराशी नवा ग्रॅनाइटचा नामफलक आहे, त्यावर मान्यवरांची नावं सोनेरी अक्षरांत. फलकाला आयटम असतो. जुना गंजका ‘नियोजित उद्यान’ मात्र अजून कोपऱ्यात उभाच आहे, कारण तो काढून टाकण्याचं काम अंदाजपत्रकात कुणी धरलं नव्हतं. ठेकेदाराने त्याला हात लावला नाही, आम्हीही लावला नाही. आबा त्यावर पाण्याचा पाइप गुंडाळून ठेवतात.